कुंपण प्लस

एप्रिल लागला की गोळपच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, माणसांपेक्षा वानर जास्त. आंबा पाडाला लागायच्या आधीच टोळी येते, एक फळ चावते, फेकते, दुसरं तोडते. खाल्लं तर एक वेळ राग येत नाही, पण ती नासाडी बघवत नाही. म्हणून आप्पा, म्हणजे स्वरूपचे वडील, रोज भर दुपारी बागेत जाऊन बसायचे आणि अशा आरोळ्या ठोकायचे की खाली पावसच्या रस्त्यावरचा रिक्षावाला मागं वळून बघायचा.

गेल्या दिवाळीत आप्पांच्या छातीत दुखलं. स्टेंट टाकावी लागली. डॉक्टर म्हणाले, उन्हात फिरायचं नाही, ओरडायचं तर अजिबात नाही. आप्पांनी मान डोलवली आणि सीझन सुरू झाल्यावर डोक्याला पंचा गुंडाळून परत बागेत.

स्वरूपचं रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शिक्षण असं काही नाही, उघडून-जोडून हात बसलेला. त्याला एकच दिसत होतं, की बाप कातळावर एकटा पडला तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळणार नाही. बापाला घरात बसवायचं तर वानरांवर दुसऱ्या कुणीतरी ओरडलं पाहिजे. शोधता शोधता त्याला 'कुंपण प्लस' सापडलं. सोलरवर चालणारा कॅमेरा, आत सिम, शेजारी भोंगा. घरी पडवीत बसून मोबाइलवर बाग बघायची, ओरडायचं, की तिकडे भोंगा ओरडणार. स्वरूपने वर्षाचे पैसे एकदम भरले. कॅमेरा मधल्या थोरल्या कलमावर बांधला, जुना मोबाइल आप्पांच्या हातात दिला, आणि आपल्याही मोबाइलवर ते ॲप घेतलं.

आणि मग सुरू झाला तो छळ.

आधी मागितलं लोकेशन. ठीक. माइक. तोही ठीक, ओरडायचंय. मग मोबाइलमधले सगळे नंबर. मग फोटो. स्वरूपने नको दाबलं, तर बागेचं चित्र धुरकट झालं आणि वर पाटी आली, 'परवानगी द्या आणि स्पष्ट बघा.' पैसे घेतलेस ना रे भाड्या, मग दाखव की! धुरक्यात हलतंय ते वानर की फांदी, काही कळेना. झक मारत स्वरूपने नंबर दिले. दोन दिवस चित्र स्वच्छ. मग अपडेट आला आणि परत धूर.

शेजारच्या बागेतला बाबू हसून लोळला. "कुंपणच शेत खातंय म्हणायचं! त्यापेक्षा मी ओरडलो असतो, नुसत्या चहावर."

"तू ओरडलास तर वानर जवळ येतील, जातभाई म्हणून," स्वरूप म्हणाला. पण आतून त्याचं डोकं तापलं होतं.

अपडेटनंतर ते बोलायला लागलं. गोड आवाजात, शुद्ध मराठीत. आणि नकाराचं बटणच गेलं. एक 'परवानगी द्या' आणि दुसरं 'नंतर विचारा'. नंतर म्हणजे दहा मिनिटांनी.

एका दुपारी स्वरूप दुकान बंद करून जेवायला घरी आला, तर चित्र आरशासारखं स्वच्छ. सेटिंगमध्ये बघतो तर सगळ्या परवानग्या दिलेल्या. चालण्याची माहिती. चेहरा. झोप.

"आप्पा, हे कुणी केलं?"

"मी. विचारलान, मी होय म्हटलं."

"अहो, पण असं सगळ्याला होय म्हणायचं नसतं!"

आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं स्वरूपच उलटं बोलतोय. त्यांच्या बागेला दगडाचा गडगा आहे, छातीएवढा. बाहेरचा माणूस गडग्यापाशी उभा राहून "येऊ काय?" म्हणाला की आप्पा आजवर कुणाला नाही म्हणाले नव्हते. लाकडं न्यायची असोत, नाहीतर करवंदं. न विचारता शिरेल तो चोर. विचारतो त्याला नाही म्हणायचं नाही, ही त्यांच्या वडलांपासूनची रीत.

"पण ते मशीन आहे, आप्पा."

"असेल. रीतसर विचारतंय ना?" आप्पा म्हणाले आणि खोकले.

आवाज बसला होता त्यांचा. स्वरूपला वाटलं, मोबाइलवर ओरडून बसला असेल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, पावसच्या डॉक्टरांनी घसा बघितला. सुजलेला नाही, लाल नाही, काहीच नाही. आवाज मात्र रोज एकेक पायरी उतरत गेला. गुडघेही धरले. आधी चुलीपासून पडवीपर्यंत भिंत धरून, मग तेवढंही नको. पडवीतल्या खुर्चीत बसून राहायचे.

खरं सांगायचं तर स्वरूपला बरं वाटलं. बाप घरात बसला होता. ह्यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप.

वानर येईनासे झाले. आप्पा घोगरं काहीतरी पुटपुटायचे, पण मोबाइलमधून बागेतली आरोळी अशी खणखणीत ऐकू यायची की आई आतून म्हणायची, "जरा हळू ओरडा, घसा सांभाळा." स्वरूप म्हणाला, भोंगा भारी आहे.

त्याच आठवड्यात आईने दुपारी दोनच ताटं घेतली. स्वरूपचं आणि तिचं.

"आप्पांचं?"

"अगो बाई!" ती स्वतःशीच हसली. "मला वाटलं, बागेत गेलेत."

आप्पा तिच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात स्वरूपचा मोबाइल वाजला. 'बागेत ओळखीची व्यक्ती.' उघडलं तर थोरल्या कलमाखाली आप्पा. डोक्याला पंचा, हातात आंबे उतरवायचा झेला. मान वर करून फांद्यांत बघत होते. स्वरूप शिव्या देत उठला, म्हातारा ऐकायचा नाही. घरी फोन लावला.

"आप्पा? इथंच आहेत की खुर्चीत," आई म्हणाली. मग जरा थांबून, "हो. आहेत."

जुनं रेकॉर्डिंग लागलं असणार. पैसे घेऊन शिळं दाखवतात! त्याने तक्रारीचा नंबर लावला. आधी सनई वाजली, मग एक दाबा, मग चार दाबा, मग परत सनई. समोरचं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. शेवटी एक मुलगी आली, नम्रता म्हणून.

"सर, आमच्याकडे रेकॉर्डिंग ठेवलं जात नाही. आपण पाहता ते थेट असतं."

"थेट कसं असेल? माझा बाप घरी बसलाय!"

"सर, आपली गैरसोय मी समजू शकते."

"नाही समजू शकत तुम्ही. मला एक सांगा, आंब्याच्या बागेतल्या कॅमेऱ्याला माझ्या बापाच्या चालण्याशी काय करायचंय? झोपेशी काय करायचंय?"

"चांगल्या सेवेसाठी, सर."

"सगळ्या परवानग्या काढून टाका. आत्ता. खातं बंद करा. पैसे पण नकोत परत."

"नक्की, सर. फक्त ज्यांनी परवानगी दिली त्यांनीच ती मागं घ्यायची असते. त्यांच्या स्वतःच्या आवाजात."

आप्पांचा आवाज कालपासून पूर्ण गेला होता.

"काळजी करू नका, सर," ती म्हणाली. "मी त्यांनाही कॉलवर घेतलंय. त्यांना विचारते."

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज आला. सुक्या पानांवरून कुणीतरी चालत होतं.

"चालू ठेवा," आप्पा म्हणाले. खणखणीत. स्टेंट टाकायच्या आधीचा आवाज.

स्वरूपने शटर अर्धंच ओढलं आणि गाडीला किक मारली.

सड्यावर ऊन नुसतं पांढरं पडलं होतं. कातळ तापून चपलेतून पायाला लागत होता. बागेत एक कावळा नव्हता. गडग्याच्या आत पाऊल टाकताना स्वरूप थबकला. झाडांखालचा पाला झाडून एका कडेला केलेला. उतरवलेले आंबे पेंढ्यावर देठ वर करून मांडलेले, फक्त आप्पा मांडतात तसे. झेला कलमाला टेकवलेला. त्याने दांड्याला हात लावला. धरायची जागा घामाने ओली होती.

त्याने कॅमेरा ओढून काढला. वायर तोडली, भोंगा उपटला, दोन्ही कातळावर आपटले. बॅटरी काढून लांब फेकली.

गडग्यापलीकडून बाबूने हाक दिली. "काय रे, कुणावर राग काढतोस?"

"आप्पा दिसले काय तुला?"

"आत्ताच गेले की घराकडं. सकाळपासून काम करत होते. मला म्हणाले, बाबू, पाणी दे. तांब्याभर प्यायले. तब्येत मस्त सुधारली हो तुझ्या बापाची!"

मोबाइल वाजला.

चित्र चालू होतं. कॅमेरा त्याच्या पायाशी फुटून पडला होता आणि चित्र चालू होतं. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. पायवाट, फणसाचं झाड, विहिरीचा कठडा, एकेक मागं पडत होतं.

त्यावर पाटी आली. तोच गोड आवाज.

'घरी येण्याची परवानगी द्या.'

नंतर विचारा.

'घरी येण्याची परवानगी द्या.'

नंतर विचारा. नंतर. नंतर. तो पळत होता आणि अंगठा दाबत होता.

चित्रात त्यांच्या घराचं मागलं दार आलं. आई पाठमोरी, चुलीपाशी. मोबाइलमधून आप्पांचा आवाज आला, लाडात आले की बोलायचे तसा.

"येऊ काय गो?"

आई वळली. हसली.

"या की. स्वतःच्या घरात विचारताय काय?"

'परवानगी मिळाली. धन्यवाद.'

चित्र बंद झालं.

स्वरूप अंगणात पोचला. मागल्या दारी बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज झाला. कुणीतरी चुळा भरत होतं, घसा खाकरत होतं, जोरात, मोकळेपणी.

आप्पा पडवीत होते. खुर्चीत, सकाळी बसवले होते तसेच. त्यांनी स्वरूपकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

"आप्पा," स्वरूप खाली बसला. त्यांचा हात धरला. हात गार होता, पण होता. त्याने तो घट्ट धरून ठेवला.

आई हात पुसत बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

"आलास होय? चल, पानं घेतलीत. तुझे आप्पा कधीचे भुकेजलेत." मग तिने स्वरूपकडे नीट बघितलं. "असा काय बसलायस रे जमिनीवर, रिकाम्या खुर्चीसमोर? केवढं ऊन, ती आत तरी घेऊया. उन्हाने प्लास्टिक तडकतं."

तिने खुर्ची उचलायला हात घातला.

आप्पांनी तिला अडचण होऊ नये म्हणून पाय जरा बाजूला घेतले.