गोंद, गरम हवा आणि आत्या

प्रेमाने सिंहासनं हलवली आहेत, राज्यं बुडवली आहेत. या गोष्टीतल्या प्रेमाने जेवणाच्या टेबलावरचा वाळलेल्या गोंदाचा गोळा काढला. तोही डाग ठेवून.

मोबाइल यायच्या आधीचे ते निवांत दिवस. भाची नोकरीसाठी आत्याकडे राहायची. आत्याची अट एकच: घरातली एक वस्तू जरी बिघडली, तरी आईकडे परत. आत्या बाहेरगावी गेली आणि भाचीच्या हातून फुलदाणी फुटली. तिने दोन नळ्यांतला रेझिनचा गोंद कालवून ती जोडली, पक्की बसावी म्हणून वर जाड शब्दकोश ठेवला. सकाळी फुलदाणी उचलली तर ओघळलेला गोंद टेबलावर दगड होऊन बसलेला. सुरीने खरवडायला गेली, सुरीच मोडली. आत्या तासाभरात येणार होती.

ती मोडकी सुरी घेऊनच दाराबाहेर धावली. गेले आठ दिवस येता-जाता तिच्याकडे बघून हसणारा, जिन्यात कठड्याला पॉलिश करणारा तरुण दचकला.

"कुणावर चालवलीत?"

"टेबलावर!"

"मग… गेलं का?"

"चेष्टा नका करू हो. माझी बॅग भरायची वेळ आलीय."

तो वर आला. गोळ्यावर टिचकी मारून म्हणाला, "केस वाळवायचं मशीन आहे?"

"इथे माझा जीव चाललाय, आणि तुम्हाला केसांचं सुचतंय?"

"गरम हवेने हा नरमतो. मग हळूच पट्टी सरकवायची. घाई केली की लाकूड ओरबाडलं जातं."

तिने ड्रायर धरला, त्याने प्लॅस्टिकची पट्टी. गोंद कडेने सुटू लागला. गरम वाऱ्यावर त्याच्या कपाळावरची बट उडत होती… ती त्या बटेकडे बघत राहिली, आणि ड्रायर एकाच जागी.

"अहो, पॉलिश जळतंय!" तो ओरडला.

गोळा निघाला, पण तिथे पांढरा डाग उमटला. तिचे डोळे भरले.

"संपलं. आता मला इथून जावंच लागणार."

"आणि मग… मी कुणाला भेटायचं?" तो पुटपुटला. तिच्या अंगठ्यावरही गोंद वाळला होता. तो काढायला त्याने तिचा हात हातात घेतला.

"तिच्या अंगठ्याला पॉलिश करतोयस का रे?"

दारात आत्या.

आत्याने टेबल पाहिलं, डाग पाहिला, अजून न सुटलेले हात पाहिले.

"चूक माझी," तो म्हणाला. "पण तिला परत पाठवू नका. मला ती… आवडते. डाग मी घालवीन. पातळ थर द्यावे लागतात. रोज एक."

"किती दिवस?"

"तुम्ही म्हणाल तितके."

आत्या खुर्चीत टेकली. तिने डागावरून बोट फिरवलं.

"ही राहील इथेच. हिच्या आईला मी कळवते काय ते," ती म्हणाली. "तू आधी खाली पळ. टॅक्सीत माझी बॅग राहिलीय."