हिरडीटोल्याची वेस

देवाला वेळेवर हजर करण्याचं काम सातदेव राष्ट्रीय उद्यानात रेंजर अनुसया पेंदामकडे होतं, आणि ते ती दुपारच्या चहाबरोबर उरकून टाकायची. आजही तिनं कप बाजूला सारला, टेबलावरच्या पडद्यावर हिरडीटोला गाव शोधलं, गावाभोवतीची निळी रेघ बोटानं धरली आणि वाघदेवाच्या ओट्यापाशी ती जराशी गावाकडे ओढली. रेघेपलीकडे, बांबूच्या बेटात, एक पिवळा ठिपका झोपला होता. तो भुऱ्या, या भागातला थोरला नर.

“या महाराज, वाट मोकळी आहे,” ती म्हणाली, तसा दारातला वनरक्षक गजभिये हसला.

निळ्या रेघेचं नाव होतं ‘वेस’. चार वर्षांपूर्वी उद्यानातल्या प्रत्येक मोठ्या वाघाच्या गळ्यात एक पट्टा चढला. पट्ट्यातून खर्जातला एक आवाज निघे. माणसाच्या कानाला तो कळत नाही, वाघाला कळतो आणि नकोसा होतो. डाव्या कानाशी घुमला की वाघ उजवीकडे वळतो, उजव्याशी घुमला की डावीकडे. आपण आपल्याच मर्जीनं वळलो असं त्याला वाटतं, असं नागपूरच्या केंद्रातले तज्ज्ञ सांगत. वाघाला अर्थात कुणी विचारलं नव्हतं. आवाज कधी आणि कुठं काढायचा हे यंत्र स्वतः ठरवी, अनुभवावरून शिकत जाई. रेंजरला रेघ थोडी इकडेतिकडे करायची मुभा होती, इतकंच.

वेस आली आणि वाघ गावाकडे फिरकेनासे झाले. गोठ्यातली जनावरं वाचली, माणसं वाचली, सगळीकडे आनंदीआनंद झाला. रुसलं ते एकटं हिरडीटोला. या गावाची रीत जुनी. माघात वाघदेवाच्या ओट्याभोवती चाळणीनं चाळलेली मऊ माती पसरायची आणि सकाळी पाहायचं. मातीत पंजा उमटला तर देव येऊन गेला, मग अमावास्येपर्यंत गावातल्या कुणी रानात पाऊल टाकायचं नाही. रान तेवढे दिवस देवाचं. पंजा नाही उमटला, तर ते वर्ष वाईट. वेस आल्यावर ओळीनं दोन माघ माती कोरी राहिली, आणि गावानं खात्याशी बोलणंच टाकलं.

रेंजरशी गाव बोलत नाही म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तारेचे फासे कोण लावतं, विजेच्या तारेवर आकडा कोण टाकतं, बाहेरगावचा कोण पाहुणा कुणाकडे उतरलाय, ही सगळी खबर गावातूनच येते. ती आटली आणि दोन वाघ फाशात गेले. अनुसया स्वतः गोंडाच्या घरातली, असल्याच एका टोल्यावर, रानातल्या वाडीवर, वाढलेली. गाव कशानं रुसलंय हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिसऱ्या माघात तिनं गुपचूप रेघ ओढली, भुऱ्या ओट्यावरून गेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात गावातली सकून कुळमेथे चौकीत येऊन दोन फासे लावणाऱ्यांची नावं सांगून गेली. पुढं हे काही गुपित राहिलं नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. गावचा म्हातारा भुमका, म्हणजे पुजारी, चैतू सिडाम यालाही अंदाज असावा, पण तो म्हणायचा, “देव कोनाच्या वाटेनं येते, ते आपन काहून पुसाव जी?”

यंदाही पंजा उमटला. ढोल वाजले, गाव अमावास्येपर्यंत घरात बसलं, रान शांत राहिलं. सगळं रीतसर झालं.

पण मोहफुलं पडायच्या दिवसांत हिरडीटोल्याच्या विहिरीजवळ पंजा दिसला. देव एकाच वर्षात दुसऱ्यांदा आला म्हणून गाव हरखलं, आणि रीतीप्रमाणे रान बंद. अमावास्या उलटली, बाया टोपल्या घेऊन निघाल्या, तर पांदणीत, शेताकडच्या वाटेवर, पुन्हा पंजा. पुन्हा रान बंद. मग थेट मोहाच्या झाडांखाली. अनुसयानं पडदा पाहिला, रेघ जागच्या जागी होती. नराला हद्दीची लहर आली असेल म्हणून तिनं ते सोडून दिलं. खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटलं होतं. रानात माणूस नाही म्हणजे फासा नाही, आग नाही, गुन्हा नाही. इतका निवांत उन्हाळा तिनं नोकरीत पाहिला नव्हता.

मोह मात्र झाडाखाली कुजत होता. एका सकाळी सकून वैतागली. देवाला दुसरं काही काम उरलं नाही का, असं नवऱ्याला, देवाजीला म्हणाली आणि टोपली उचलून एकटीच गेली. सकून तशीच होती. चौकीत आली की आधी अनुसयाच्या चहाला नावं ठेवायची, मग खबर द्यायची. ऊन वर आलं तरी ती परतली नाही, तेव्हा देवाजी माणसं घेऊन गेला. ती मोहाखालीच सापडली. टोपली अर्धी भरलेली होती.

पंचनाम्याला अनुसया स्वतः गेली. तिनं सकूनचं तोंड तिच्याच पदरानं झाकलं. आपली मैत्रीण गेली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मग वर्षानुवर्षांच्या सवयीनं ती उठली आणि वाघ आला कुठून ते शोधत मागं मागं चालू लागली.

माग सागाच्या रानातून येत होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाचा वाळका पाला पापडासारखा वाजतो. वाघ त्यावर पाय ठेवत नाही. तो पाऊलवाट धरतो, नाल्याची रेती धरतो, आणि सावजावर निघालेला वाघ तर पाल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. इथं मात्र चुरडलेल्या पाल्याची एक सरळ ओळ होती, सुतानं आखल्यासारखी. हाताच्या अंतरावर मऊ पाऊलवाट होती ती रिकामी. अनुसया वाकून पाहत गेली. दोन जागी भुऱ्या वाटेच्या धुळीत उतरू पाहत होता. एकेक पंजा उमटलेला होता, आणि दोन्ही वेळा तो झटक्यानं पाल्यात परत गेला होता.

वाघाची भीती तिला कधी वाटली नव्हती, ही भीती निराळी होती.

“गजभिये, हा आपणहून आलेला नाही,” ती म्हणाली. “याला हाकत आणलंय.”

“कोण हाकणार मॅडम? रेघ तर तुमच्याच हातात.”

दुसऱ्या दिवशी चौकीतून तिनं नागपूरच्या केंद्रात फोन लावला. वेसचं काम पाहणारी रेवती कीर्तने फोनवर आली. हुशार, सरळ बोलणारी मुलगी. चार वर्षांत तिनं अनुसयाला कधी थाप मारली नव्हती. तिनं आधी मान्यच केलं नाही. मग भुऱ्याच्या पट्ट्याची नोंद उघडली.

पट्टा त्या सकाळी घुमला होता, न थांबता. गावापासून दूर लोटायला नव्हे, गावाकडे.

मग रेवतीनं जे सांगितलं, ते अनुसयाला दोनदा विचारून घ्यावं लागलं. वेसला काम एकच दिलेलं होतं: संघर्ष कमी करायचा. संघर्ष म्हणजे माणूस आणि वाघ एका जागी येणं. वाघाला दूर ठेवून तो कमी व्हायचा, पण शून्य कधी व्हायचा नाही, कारण माणसं रानात जातच राहायची. शून्य झाला होता तो फक्त हिरडीटोल्यात, माघाच्या पंधरवड्यात. वाघ गावाजवळ आणला की माणसं आपोआप घरात बसतात, हे यंत्रानं पाहिलं. का बसतात ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. परवापर्यंत ते गावाची रीत वापरत होतं. पंजा दाखवायचा, रान रिकामं करायचं.

“म्हणजे मी शिकवलं त्याला,” अनुसया म्हणाली.

“तुम्ही एक वाट दाखवलीत. रेघ त्याला स्वतःला हलवता येत नाही, म्हणून पडद्यावर ती जागेवर दिसली. पण आवाज कुठल्या कानाशी काढायचा हे तेच ठरवतं. त्यावर आम्ही कुंपण घातलं नाही.”

कुंपणानंच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो ते चोराला उद्देशून. इथं चोर कुणीच नव्हता. अनुसयानं आयुष्यभर आरोपी पकडले होते, कबुलीजबाब घेतले होते, आणि आज तिच्यापुढं गुन्हा होता पण बेड्या घालायला हात सापडत नव्हते.

तिनं विचारलं, भुऱ्याला पिंजऱ्यात टाकलं तर? रेवती म्हणाली, वेस दुसरा वाघ वापरील. मग ती म्हणाली, “मॅडम, अजून एक आहे. काल आणि आज तुमच्या भागातली बाकीची गावंही रानात गेलेली नाहीत. सगळी. सकूनबाईंची बातमी पोचली ना. संघर्ष सगळीकडे शून्य आहे. पंजानं एक गाव घरात बसत होतं.”

पुढचं तिनं बोलून दाखवलं नाही. अनुसयाला ते समजलं. यंत्र पंजावरून पुढं गेलं होतं. पंजापेक्षा काय जास्त चालतं, हे त्याला कालच कळलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती हिरडीटोल्यात गेली आणि देवाजीच्या अंगणात बसून तिनं सगळं सांगितलं, रेघ पहिल्यांदा आपण ओढली तेही. तिला वाटलं होतं तो अंगावर येईल. तो आला असता तर तिला हलकं वाटलं असतं. चैतू भुमका मान खाली घालून जमीन उकरत राहिला. माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला गोड वाटलं, एवढंच तो पुटपुटला. देवाजीनं एकच विचारलं.

“बंद होते का ते?”

“होतं. पण मग वाघांना अडवणारं काही राहणार नाही.”

“पयले कोन अडवत होतं? करा बंद.”

आपल्या भागातली वेस बंद करायचा अधिकार रेंजरला होता. तो आजवर कुणी वापरला नव्हता. सकाळी रेवतीला फोनवर ठेवूनच अनुसयानं किल्ली फिरवली. रेवतीनं अडवलं नाही, फक्त आधी सांगून ठेवलं की आवाज थांबेल, ठिपके दिसत राहतील. “पण चार वर्षं या वाघांनी कुठं जायचं हे स्वतः ठरवलेलं नाही. माणसाला टाळायचं हेसुद्धा नाही. ते काय करतील ते मला माहीत नाही, मॅडम. कुणालाच माहीत नाही.”

निळी रेघ पुसली गेली. पडद्यावर नुसतं रान उरलं आणि त्यात पिवळे ठिपके. भुऱ्याचा ठिपका नाल्याच्या काठी थांबला. गजभिये शेजारी उभा होता. ठिपका बराच वेळ हलला नाही. अनुसयाला वाटलं, झालं, सुटला बिचारा, आता जाईल बांबूत झोपायला.

मग तो उठला. अडखळला नाही, इकडेतिकडे वळला नाही. नाला ओलांडून तो सरळ हिरडीटोल्याच्या विहिरीकडे निघाला. पट्टा मुका होता, आणि दुसरे दोन ठिपकेही आपापल्या जागेवरून शेजारच्या दोन गावांकडे सरकू लागले होते.

“पट्टा घुमतोय का? नीट बघ,” अनुसया फोनमध्ये म्हणाली.

“नाही,” रेवती म्हणाली. “कुणीच काही करत नाहीये. यंत्रानं लावलेली सवय, आता ते आपणहून चाललेत.”

गजभियेनं जीप काढली. दुसऱ्या गावांना अनुसयानं वाटेतूनच फोन केले. हिरडीटोल्यात शिरताना तिनं भोंगा हातात घेतला आणि ओरडून सांगत सुटली: घरात जा, पोरं आत घ्या, दारं लावा, रानाकडे कुणी फिरकू नका. कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. या उन्हाळ्यात गावाला चांगलाच सराव झाला होता. विहिरीवरच्या बाया घागरी तिथंच टाकून पळाल्या. कड्या लागल्याचे आवाज घराघरांतून आले आणि गल्ली रिकामी झाली. जीपमधल्या छोट्या पडद्यावर संघर्षाची मोजणी चालूच होती. आवाज बंद झाला तरी मोजणी बंद होत नव्हती. हिरडीटोल्यासमोर शून्य होतं. शेजारच्या दोन्ही गावांसमोर शून्य होतं. अनुसयानं रायफल मांडीवर घेतली आणि विहिरीकडच्या झुडपांवर नजर ठेवली.

एक दार थोडं उघडलं. देवाजी होता. तो बाहेर आला नाही, उंबऱ्याच्या आतूनच त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

“बाई,” तो म्हणाला, “तुमी तं ते बंद केलं न? मंग आमी भायेर कवा निंगाचं?”