डोलकाठी आडवी आली

लाइट काही येत नाही आता, तर बसा अन् ते मोबाइल जरा खिशात घाला. ही गोष्ट मोबाइलचीच हाय.

लकडगंजातला जितेंद्र. माह्या साडभावाचा पोट्टा, म्हणून मले सारं ठाऊक. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर नोकरीले होता. नागपूरचा माणूस अन् समुद्रावर, लोक हसत होते. जहाजावरचे शास्त्रज्ञ खोल पाण्यात यंत्रं सोडत. जितेंद्रचं काम वेगळं. जहाजाच्या माथ्यावर पांढरा घुमट असते, त्यातून उपग्रहाचं इंटरनेट येते, ते यानं सांभाळाचं. किनारा हजार किलोमीटर दूर, घरी बोलाची दुसरी वाट नाही. कोणाले लाइन द्याची, कोणाची बंद कराची, ते याच्या बोटावर. अशी चावी हातात आली की भल्या माणसाचंही डोकं फिरते बाप्पा.

अन् त्यात एक गोम होती. जहाजाचं तोंड एखाद्या दिशेले फिरलं की डोलकाठी घुमटाच्या अन् उपग्रहाच्या मधात येते. इंटरनेट बंद. जहाज जरासं वळलं की पुन्हा सुरू. हे साऱ्यांना माहीत. म्हणून 'काठी आडवी आली' म्हटलं की कोणी हुज्जत घालत नव्हतं.

त्याच जहाजावर उमरेडचा कवडू होता, यंत्राचे दोर ओढणारा. गेल्या एकोणीस ऑगस्टची रात्र, पोळ्याले तीन दिवस होते. नऊच्या सुमारास कवडू धावत आला. लाइन जाच्या जराशी आधी बहिणीचा निरोप आला होता, माय शेवटच्या घटका मोजून राहिली, तुझं तोंड पाहाचं म्हणते. तवा जितेंद्र आपल्या मायशी, यमुताईशी, व्हिडिओवर बोलून राहिला होता. काय महत्त्वाचं? शेजारणीच्या चुगल्या! चित्र अटकू नये म्हणून यानं साऱ्या जहाजाची लाइन बंद केलेली. यानं आपल्या खोलीचं दार नुसतं फटीएवढं उघडलं.

"काठी आडवी आली गा. थांब अर्धा तास."

कवडू हात जोडून दाराबाहेर उभा राहिला. तिकडं उमरेडले त्याची माय, पार्वतीबाई, गेली. नऊ वाजून दहा मिनिटं. फोन छातीवर होता म्हणतात.

जितेंद्रले दुसऱ्या दिवशी समजलं. पण खरं काही सांगतलं नाही. माणूस एकदा खोटं बोलला की त्याले राखत बसावं लागते.

मंग नोव्हेंबरात तो सुट्टीवर आला. कवडूनं बंदरावर मायसाठी शाल घेऊन ठेवली होती. माय राहिली नाही, तरी शाल घरी पोचव म्हणून यालेच दिली. बिचाऱ्याचा केवढा विश्वास. जितेंद्र पंधरा दिवस टाळत राहिला. त्यात यमुताई न्यूमोनियानं दवाखान्यात. एकोणीस तारखेले, बुधवारी, डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. बायकोले, रीनाले, मायपाशी बसवलं अन् कार घेऊन हा उमरेडले निघाला. त्या दिवशी अमावस्या होती, हे त्याच्या ध्यानातच नाही.

कवडूच्या बहिणीनं, शामलानं, चहा केला. शाल मायच्या फोटोपुढं ठेवली. फोटोपाशी म्हातारीचा फोन होता, तीन महिने झाले तरी चार्जिंगले लावलेला. जाता जाता तिनं एकच विचारलं.

"भाऊ, काठी खरंच आडवी होती का?"

आता सांगाचं ना बेट्या! पाय धराचे अन् मोकळं व्हाचं. हा म्हणाला, "होती."



परतीले पाचगावच्या अलीकडं फोन वाजला. नऊ वाजून गेले होते. रीना व्हिडिओवर, रडून राहिली होती. आईले एकदम दम लागला, तुमचंच नाव घेऊन राहिली, तोंड दाखवा लवकर.

त्यानं गाडी कडेले घेतली. सिग्नल पूर्ण. चित्र साफ. पलंग दिसला. हिरवी चादर दिसली. मायचे हात दिसले. तोंडावर मात्र एक काळी पट्टी... उभी, वरून खालपर्यंत.

फोन आडवा केला. पट्टी उभीच. खाली उतरला. उमरेडकडं तोंड केलं. नागपूरकडं केलं. पट्टी तिथंच.

रीनाचा आवाज गेला. ओठ तेवढे हलत होते. मंग फोनातून एक म्हातारा आवाज आला. शांत.

"काठी आडवी आली गा बाबू... थांब अर्धा तास."

जितेंद्र फोनापुढं हात जोडून मातीत बसला.

"नव्हती आली, मावशे. मीच लाइन बंद केली होती. मी खोटं बोललो. एकदा माह्या मायले पाहू दे."

...

"माहं लेकरूही असंच हात जोडून होतं."

...

पट्टी गेली. तवा नर्स यमुताईच्या तोंडावर चादर ओढून राहिली होती. वर घड्याळ होतं. नऊ वाजून दहा मिनिटं.

त्यानंतर त्यानं जहाजावर फोन लावून कवडूले सारं सांगतलं. कवडू ऐकत राहिला अन् फोन ठेवून दिला. याची नोकरी सुटली. ते जाऊ द्या.

तेरवीले मी गेलो होतो. यमुताईचा फोटो भिंतीवर. चांगला स्टुडिओतला, पाच वर्षं जुना. तोंडावर बोटभर रुंद काळी पट्टी. रीना म्हणाली, तीनदा नवा काढून आणला. दुकानात साफ असते, या घरात आणला की येते. मी हार बाजूले करून पाहिलं. पट्टी होती.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी जितेंद्र उठला. फोटोपुढं गेला अन् फ्रेम जराशी डावीकडं वळवली. पाहिलं. मंग जराशी उजवीकडं...