पुढची चाकं

जरा जवळ सरकून बसा. ही आत निजलीय, मोठ्याने बोलायला नको.

त्या दिवशी दुपारी मी अंगणात गाडीला ग्रीस लावत होतो. जुनी गाडी माझी. चौकोनी, बोजड, टपावर ताडपत्रीचा तंबू, मागे पत्र्याची कपाटं आणि घडीचा पलंग. रानात, डोंगरात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना घेऊन आम्ही हिंडायचो, मी चालवायला आणि माझा जुना दोस्त लंब्या सोबतीला. लंब्या गेला, अंथरुणातच, पिकलं पान गळावं तसा. पाहुणे यायचे थांबले. गाडी राहिली. रॉकेल, धूर आणि ओल्या ताडपत्रीचा वास अजून तिच्यात आहे. तो घ्यायला मी उगाच आत जाऊन बसायचो. बायको म्हणायची, "जा, सवत वाट बघतेय."

संध्याकाळी हिचा दमा उसळला. ओठ निळे पडले. दवाखान्यात फोन केला, तर तिथला अँब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, पुलावरून पाणी चाललंय. ओसरल्याशिवाय नाही येता येणार."

ओसरेपर्यंत ही राहिली नसती. नदीच्या वरच्या अंगाला एक उथळ जागा मला ठाऊक होती. हिला उचलून घडीच्या पलंगावर निजवलं. तशातही म्हणाली, "शेवटी... सवतीच्याच कुशीत घातलंत ना?"

"गप. श्वास घे."

धुकं एवढं, की दिव्यांचा उजेड बॉनेटच्या पुढे जाईना. पाण्यात उतरलो. मध्यावर मागची चाकं गाळात नुसती फिरायला लागली. चारही चाकांचा गिअर टाकला, तरी पुढची ढिम्म. या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांत मधोमध एक चकती असते. पाण्यात शिरण्याआधी खाली उतरून ती हाताने फिरवावी लागते, तरच ती चाकं ओढतात. ते काम कायम लंब्याचं. तो फिरवायचा, बॉनेटवर थाप मारायचा, की मी निघायचो. आता ते मीच करायचं, हे घाईत ध्यानातच आलं नाही.

उतरावं तर हँडब्रेक धरेना. पाय जरा सैल केला की गाडी डोहाकडे सरकायची. पाठीमागच्या बारक्या खिडकीतून हिचा श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा. मग तोही तुटक... तुटक...

मी खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडलो, "लंब्या! अरे ये रे! लंब्या नसलास तरी, जो कोणी असशील तो ये. काय हवं ते घे, पण हिला जाऊ देऊ नकोस!"

पाण्याचा आवाज थांबल्यासारखा झाला. डाव्या चाकापाशी... टक्. जरा वेळाने उजव्या चाकापाशी... टक्. दिव्यांसमोरून कोणीच गेलं नव्हतं. मग बॉनेटवर थाप पडली. मऊ, ओलं फडकं आपटावं तशी.

चारही चाकांनी ओढ घेतली आणि गाडी काठावर चढली. चढताच मागचं दार उघडलं. गाडी मागच्या बाजूला दबली, चांगली दबली. दार लागलं.

"हो... सरकते," ही हळूच म्हणाली.

करवत थांबली. मी मागे पाहिलं नाही. लहान पोरासारखा रडत गाडी हाणली.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईंनी मागचं दार उघडलं, तर ही उठून बसलेली. ओठ लाल. एकटीच. बाईंनी छातीला नळी लावली, काढली, पुन्हा लावली. "छाती अगदी शांत आहे," म्हणाल्या. "काही आवाजच नाही." आणि कपाळाला आठी घालून नळीकडेच बघत राहिल्या.

पाणी ओसरल्यावर घरी येताना मी विचारलं, "लंब्याच होता ना?"

"लंब्याभावजी? छे हो." हिने माझा हात हातात घेतला. "तुम्हीच तर बोलावलंत त्याला..."

त्यानंतर दमा नाही, खोकला नाही. भराभर जिना चढते, मला टोमणे मारते. शहरातून राहायला आलेला मुलगा म्हणतो, "बाबा, आई तरणी झाली की!"

आता थंडी पडलीय. पहाटे आम्ही तिघं पायरीवर चहा घेत बसतो. बोलताना मुलाच्या तोंडातून वाफ निघते, माझ्या निघते. हिच्या निघत नाही.

मी तिला काही विचारत नाही. फक्त तिच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन बोलत राहतो, म्हणजे माझी वाफ तिच्यापुढे राहते आणि मुलाला काही कळत नाही.