अकरा वाजताची नोंद

पासवर्ड चालत नाही म्हणून येणाऱ्या दहा फोनांपैकी नऊ वेळा दोष कॅप्स लॉकचा असतो आणि दहाव्या वेळी नवऱ्याचा. सोळा वर्षं मी लिनक्सवर चालणारी कॉम्प्युटरची मशीनं दुरुस्त करतोय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, अपडेटवर तर त्याहून नाही. त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास बुटांच्या कारखान्यात शिरलो, तेव्हा अर्ध्या तासात मोकळा होईन अशीच माझी समजूत होती.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. वाकड्या, आखूड, अपघातात चेंगरलेल्या पायांसाठी तिथे मापाने बूट बनत. भिंतीभर फळ्यांवर लोकांच्या पावलांचे लाकडी साचे मांडलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. चामड्याचा आणि गोंदाचा वास. टोकाला टेबलावर डेस्कटॉप, समोर बसून बसून खोलगट झालेली खुर्ची. मी तिच्यात बसलो.

"बाबांची आहे ती," मालकांची मुलगी म्हणाली. मी अर्धवट उठलो. "बसा हो. आता कोण बसतंय तिच्यावर!"

तिचे बाबा तीन आठवड्यांपूर्वी याच टेबलाशी कोसळले होते. हॉस्पिटलात डोळे उघडे ठेवून पडून होते; बोलणं नाही, बोट हलवणं नाही. फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने मन घट्ट केलं होतं. शनिवारी कारखाना बंद करायचा आणि गिऱ्हाइकांची मापं दुसऱ्या कारागिराला द्यायची. मापं सगळी या मशीनमध्ये. आणि बाबा पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मशीनने आपणहून अपडेट घेतलं, तेव्हापासून ॲडमिनचा पासवर्ड नाकारत होतं.

तिने एक कागद पुढे केला. बाबांच्या अक्षरात, इंग्रजी लिपीत, 'खारूताई' आणि पुढे तिचं जन्मसाल.

"मला म्हणायचे लहानपणी. सारखी तुरुतुरु पळायचे ना."

मी कॅप्स लॉक पाहिला, कीबोर्डची भाषा पाहिली, एकेक बटण दाबून अक्षर बरोबर उमटतंय का ते पाहिलं. सगळं ठीक. पासवर्ड मात्र चूक. तीनदा चुकला की खातं दहा मिनिटं बंद. शेवटी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि आतली नोंदवही उघडली. लॉगिनचा प्रत्येक प्रयत्न तिच्यात तारीख-वेळेसकट उतरतो. अपडेटनंतर पडद्यावर आधी नाव विचारलं जात होतं. अशा वेळी लोक सवयीने नावाच्या चौकटीतच पासवर्ड ठोकून देतात, आणि तो नोंदवहीत उघडा पडतो. इथेही तेच झालं होतं. रोज, सकाळी अकराला.

"अकराला तुम्ही इथे येता?"

"छे! हॉस्पिटलात असते मी. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये."

बाहेरून कोणी घुसतंय म्हणावं, तर प्रत्येक नोंद याच कीबोर्डवरची होती. पहिल्या दिवशी एकच अक्षर. चौथ्या दिवशी तीन, त्यातलं एक चुकलेलं. आठव्या दिवशी 'खारू'. मग दोन दिवस पुन्हा मागे, नुसतं 'ख'. आणि काल अख्खं 'खारूताई', पुढे जन्मसालाचे दोन आकडे.

तिने पडद्यावरच्या वेळांवरून बोट फिरवलं.

"अकराला बाबांच्या हाताचा व्यायाम घेतात," ती म्हणाली. "एकेक बोट उघडायचं, मिटायचं. मी शेजारीच असते."

मी नोंदवही बंद केली.

पासवर्ड काढून नवा टाकणं हा माझ्या हातचा मळ. पाच मिनिटांचं काम. तसं मी सांगितलं.

"आणि जुना?"

"कायमचा बाद."

"म्हणजे कोणी आत यायला बघत असेल, तर ते बाहेरच राहणार." तिने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात पावणेअकरा झाले होते. "थांबाल का जरा? वेडेपणा वाटेल तुम्हाला."

वेडेपणाच वाटत होता. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. मशीन पुन्हा नेहमीसारखं चालू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. ती पाठीमागे उभी राहिली.

अकरा वाजले. रस्त्यावरून एक गाडी गेली.

नावाच्या चौकटीत एक अक्षर उमटलं.

मग दुसरं. सावकाश, चाचपडत. मधेच सगळं पुसलं गेलं आणि त्या जागी तिच्या बाबांचं नाव आलं, नीट. खाली पासवर्डची चौकट उघडली. टिंबं पडू लागली.

पासवर्ड चूक.

पुन्हा टिंबं. पुन्हा चूक. आता एकच संधी उरली होती.

"बाबा, हळू," ती पुटपुटली. "घाई नाही."

बारा टिंबं पडली. मग काहीच नाही. कर्सर लुकलुकत राहिला. का कोण जाणे, मी खुर्चीतल्या खुर्चीत थोडा डावीकडे सरकलो. तिची नजर पडद्यावर खिळलेली होती.

एंटरचं बटण खाली गेलं.

डेस्कटॉप उघडला.

मिनिटभरात तिचा फोन वाजला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण ती खाली जमिनीवरच बसली आणि रडता रडता हसायला लागली. "बोट धरलं म्हणे," ती म्हणाली. "व्यायाम घेणाऱ्या बाईंचं बोट धरलं, सोडतच नाहीयेत."

शनिवारी कारखाना बंद झाला नाही. कागदावरचा पासवर्ड त्या दिवसापासून पहिल्या फटक्यात चालतो. का, ते मला सांगता येणार नाही, आणि मी शोधलंही नाही.

चार महिन्यांनी प्रिंटरसाठी बोलावणं आलं. बाबा काठी टेकत दारात उभे होते. आमची ही पहिलीच भेट. त्यांनी मला नीट निरखलं आणि जड जिभेने, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसला होतात, ते तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"सरकलात ते बरं केलंत. शेवटच्या बटणापर्यंत हात पोचत नव्हता."