समाधान होईपर्यंत

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये पूर्वी बायका एकमेकींशी बोलत. आता निम्म्या जणी स्वतःशीच माना डोलावत असतात, कारण कानात ‘सांगाती’ असते. सरकारी आरोग्य विम्याची ही कानात बसणारी गुंडी ज्याला त्याला त्याच्या बोलीत योजना समजावते. गुंड्या वाटताना योजनेच्या साहेबांनी कौतुकानं सांगितलं होतं, की ऐकणाऱ्याला पटलं की नाही हे तिला कानातल्या नाडीवरून कळतं आणि समाधान होईपर्यंत ती सांगत राहते. इतकं गोड बोलणारं कुणी फुकट भेटत नाही, असं शालनला तेव्हाच वाटलं होतं.

तरी नवऱ्याच्या हृदयाची झडप खराब निघाली तेव्हा ती भुलली. गुंडीचा आवाज थेट माहेरचा. “काळजी करू नगंस शालन, औषधं चालू ठेव. सगळी योजनेतनं मिळत्यात.” तिला हायसं वाटलं. पण पुढं नवऱ्याला मोरीपर्यंत चालतानाही धाप लागू लागली, तसा संशयाचा किडा पुन्हा वळवळला.

शेडमध्ये आपण निवडलेलं बेदाण्याचं ताट कुणी आपणच तपासत नाही. नजर स्वतःच्या चुकांना सरावते. ते शेजारणीकडे सरकवायचं. त्याच सवयीनं शालननं नवऱ्याचं विमाकार्ड अमीनाभाभीपुढं सरकवलं. भाभी म्हणजे मेथीची जुडीसुद्धा सोडून बघितल्याशिवाय न घेणारी बाई.

“भाभी, तुमच्या कानानं इचारा की.”

भाभींनी कार्ड आपल्या गुंडीला टेकवून तिचा आवाज मोठा केला. “ह्या माणसाचं काय करायचं?”

“औषधं चालू ठेवा, सगळी योजनेतनं—”

“औषधानं झडप सुधारती व्हय गं?” भाभी कडाडल्या.

भाभींना पटलं नाही, म्हणून गुंडी पुढं बोलली. “न्हाई. झडप बदलावी लागंल. शस्त्रक्रिया योजनेत पूर्ण बसती. उशीर करू नगा, जिवाला धोका हाय.”

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं स्वतःच्या गुंडीला विचारलं, “मला का न्हाई सांगितलंस?”

“औषधाचं ऐकल्याबरोबर तुझी नाडी शांत झाली, शालन. तुझं समाधान झालं, म्हणून मी थांबले.”

“आणि स्वस्तातलं आधी सांगायचं, हे कुणी शिकवलं तुला?”

“उद्या जिल्ह्याच्या दवाखान्यात जागा ठेवलीया,” एवढंच ती म्हणाली, त्याच मायाळू आवाजात. शालनला ऊर हलका होताना जाणवला आणि ती दचकली. म्हणजे नाडी शांत झाली, की ही आताही थांबणार! तिनं घाईनं गुंडी कानातून उपसली.

समोर सुसाबाई हसतमुखानं बेदाणे निवडत होती. तिच्या लेकीची मूत्रपिंडं बिघडली होती.

“सुसाबाई, लेकीचं काय म्हणाली गं तुझी गुंडी?”

“औषधावर भागंल म्हणाली. लई बरं वाटलं बघ.”

“आणि पुढं?”

सुसाबाईनं नवलानं मान वर केली. “बरं वाटल्यावर पुढं काय इचारायचं असतंय?”