मागच्या सीटवरची

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर भूत तरी धड रचलं असतं. पांढरी साडी, मोकळे केस, सगळं सामान घातलं असतं. इथे तसलं काहीच नाही. रात्रसुद्धा नाही. रविवारची दुपार, टळटळीत ऊन आणि शहराबाहेरचं एक लांबलचक गवताचं मैदान.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी आतेबहीण. मी तिला ताई म्हणतो. दातांची डॉक्टर आहे. लोकांच्या दाढा हसत हसत उपटणारी बाई, भुताखेतांवर विश्वास शून्य.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, चष्म्यांचं दुकान चालवतात. पण रविवारी ते एका क्लबात ग्लायडर उडवायला शिकवतात. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतो, म्हणजे इंजिनावर फिरणारं मोठं रीळ. तो लांबच लांब तार भराभर गुंडाळतो आणि तारेला बांधलेला ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. वर गेलं की तार सोडून द्यायची.

मग फक्त वारा.

भाऊजींचं हे दुसरं लग्न. पहिली बायको आजारपणात गेली. दवाखान्यात, पलंगावर. तिच्या मरणाचा ग्लायडरशी काहीएक संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती उडायची. आणि अशी उडायची की क्लबात सगळे तिला 'घार' म्हणायचे.

"घार असती तर एवढ्यात उतरली नसती."

"घारीचा हात काय हलका होता!"

हे सगळं ताईच्या देखत. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेल्या सवतीचं वय वाढत नाही, तिची भाजी करपत नाही, तिच्याशी नवऱ्याचं वाजत नाही. भाऊजी स्वतः घारीचं नाव कधी काढत नसत. ताईला तेच जास्त झोंबायचं.

म्हणून ताई उडायला शिकली. हौस वगैरे नंतर आली.

शिकाऊ माणूस पुढे बसतो, शिकवणारा मागे. दोघांच्याही पायांमध्ये एकेक दांडी असते आणि त्या आतून जोडलेल्या असतात. एक हलली की दुसरी हलते. त्यामुळे तिथे एक नियम अगदी पक्का आहे. दांडी कुणी मुकाट्याने घ्यायची नाही. भाऊजी मागून दांडी जरा थरथरवायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे." ताईने लगेच "तुमच्याकडे" म्हणून हात मांडीवर घ्यायचे. परत देताना ते म्हणायचे, "तुझ्याकडे." दोघांनी एकाच वेळी दांडी ओढली तर दोघेही खाली. हा नियम ताईच्या हाडीमाशी मुरला होता.

शिकण्यात ताई हुशार निघाली. तापलेल्या छपरांवरून, नांगरलेल्या रानावरून गरम हवा वर उठते. त्या हवेत गोल गोल फिरत राहिलं की तीच आपल्याला वर नेते. हे तिला पटकन जमलं. उतरताना मात्र ग्लायडर दर वेळी एकदा आपटायचा.

"छान," भाऊजी म्हणायचे. आणि दुसरीकडे बघायचे.

ताईला एकच हवं होतं. आपण उतरावं आणि या माणसाने एकदा तरी डोळे भरून आपल्याकडे बघावं. घारीची आठवण न काढता.

आणि तिचा एकटीने उडायचा दिवस आला.

भाऊजींनी मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे स्वतःच्या हाताने घट्ट आवळले. सैल पट्टा दांडीत अडकला तर घात होतो. "वजन कमी असेल आज," ते म्हणाले. "भरभर चढेल. घाबरू नकोस."

"तुम्हीच घाबरलाय," ताई म्हणाली.

वरची काच बंद झाली. तार ताणली गेली. ग्लायडर वर निघाला.

पण भरभर चढेना...

ताईला वाटलं, वारा पडला असेल. तिने तार सोडली. पुढे मोठ्या कारखान्याच्या पत्र्यांवर दोन पक्षी घिरट्या घालत होते. ती तिकडे वळली आणि चढउतार सांगणारं यंत्र टीं टीं करायला लागलं. हवा मिळाली होती!

मैदान खाली रुमालाएवढं झालं. ताईला इतका आनंद कधी झाला नव्हता. इथे घारीचं कौतुक करणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदाच ती आणि आकाश, मध्ये कुणी नाही.

आनंदात ती मोठ्याने बोलून गेली, "बघ गं घारबाई! मलाही येतं!"

टीं टीं थांबलं.

मग वाऱ्याचा आवाज कमी होत गेला...

ग्लायडरमध्ये वेग कानांनी कळतो. सूं सूं चालू असेल तर ठीक. आवाज मेला तर वेग मेला, आणि वेग मेला तर ग्लायडर दगडासारखा पडतो. ताईने घाईने काट्याकडे पाहिलं.

वेग होता तेवढाच होता.

फक्त आवाज नव्हता.

त्या शांततेत मागून ऐकू आलं... खट्.

पट्ट्याची कडी लागताना होतो, तसा आवाज.

मग कुणीतरी श्वास घेतला. अगदी मानेमागे.

ताई सांगते, "मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. दाढा उपटणारी मी!"

आणि तिच्या मुठीत दांडी थरथरली. भाऊजी थरथरवतात, अगदी तशी.

ताईकडून चूक झाली ती इथे. विचार करायला वेळच नव्हता. तोंडाला सवय, हाताला सवय.

"तुमच्याकडे," ती म्हणाली.

आणि तिने हात मांडीवर घेतले.

ग्लायडर डावीकडे कलला. हळूच, झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसा. काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ उभा राहिला तर उड्डाण स्वच्छ, वाकडा झाला तर चुकतंय. ताईचा धागा कायम इकडेतिकडे करायचा. आता तो रेघ मारल्यासारखा सरळ होता.

त्या भीतीतही तिच्या पोटात दुखलं. आपल्याला हे असं कधीच जमलं नाही, हा विचार आधी आला. आपण मरणार, हा नंतर.

मैदान जवळ यायला लागलं. तिने दांडी धरली आणि ओरडली, "माझ्याकडे!"

उत्तर नाही.

"माझ्याकडे! माझ्याकडे दे!"

दांडी हलेना. दांडीने ताईच्या हाताला हिसडा दिला नाही की काही नाही. ती फक्त... दुसऱ्या कुणाच्या हातात होती.

ग्लायडर शेवटचं वळण घेऊन खाली आला. चाक जमिनीला कधी टेकलं ते ताईला कळलंसुद्धा नाही.

भाऊजी धावत आले. काच उघडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ताईला बसल्या जागी मिठी मारली. क्लबातल्या सगळ्यांसमोर! या माणसाने लग्नातसुद्धा तिचा हात नीट धरला नव्हता.

"किती वर्षांनी..." ते म्हणाले. "किती वर्षांनी असं उतरताना पाहिलं."

ताई काय बोलली असेल?

"तुम्हीच तर शिकवलंत," ती म्हणाली.

मागचे पट्टे होते तसेच घट्ट होते. पुरावा म्हणाल तर एवढाच, की विंचवाले काका तावातावाने आले आणि भाऊजींना म्हणाले, "एकटी जाणार म्हणालात, मग दोघं का बसलात? मला आधी सांगायला नको? विंचचं इंजिन केवढं दमलं!" भाऊजींना वाटलं, काकांचं वय झालं.

हे सगळं ताईने मला गेल्या महिन्यात सांगितलं. मला वाटलं, त्या दिवसानंतर तिने उडणं सोडलं असेल.

छे. ती दर रविवारी उडते. लोक आता तिलाच घार म्हणतात.

"आणि दांडी?" मी विचारलं.

"दर वेळी परत मागते. देत नाही."

"मग सोड ना, ताई! वेड लागलंय का तुला?"

"सोडलं तर हे माझ्याकडे तसं बघतील का?" ती म्हणाली. मग स्वतःशीच हसली. "माहीत आहे रे मला, ते कुणाला बघतात. पण मिठीत मी असते. आणि तेव्हा मागच्या सीटवरून हुंदका ऐकू येतो. दर वेळी थोडा मोठा. ऐकून इतकं बरं वाटतं म्हणून सांगू..."

ताईला एक गोष्ट दिसत कशी नाही, हेच मला कळत नाही. जळणारी ती एकटी नाही. मागे बसलेली बाईसुद्धा जळतेय. आणि दांडी तिच्या हातात आहे.

रविवारी ताई उतरल्याचा निरोप येईपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही.